मदत हवी आहे : नवीन वेबसाईट केल्यापासून गुगलवर आमचं दुकान सापडेना

कापशीवाली

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमचं चपलांचं काम आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, तळ कापतात आणि शिवतात. सासूबाई पट्ट्याची वेणी घालतात. ऑर्डरी, पार्सल आणि वेबसाईट माझ्याकडे. २०१७ साली नवऱ्याच्या मित्राने वर्डप्रेसवर साधी साईट करून दिली होती. दिसायला बेताचीच, पण तिच्यावरून पुणं, बेंगळुरू, कधीकधी परदेशातूनही चौकशी यायची.

यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात एकाकडून नवीन साईट करून घेतली. फोटो मोठे, रंग सुरेख. पण तेव्हापासून चौकशी जवळजवळ थांबली. सर्च कन्सोलमध्ये (गुगलवरून साईटवर किती लोक आले ते दाखवणारं गुगलचंच साधन) एप्रिलला दिवसाला साठ-सत्तर क्लिक दिसतात, आता चार-पाच.

जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि एवढी चर्चा झाली. जो तो कोल्हापुरी शोधत होता आणि नेमके तेव्हाच आम्ही गायब. मामा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज कुणाचा फोन आला का गं?" मला उत्तर देववत नव्हतं.

परवा एकाचा फोन आला. अठरा हजारांत ५०० बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटींवरून आमच्या साईटला लिंका देतो, पंधरा दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी. पैसे जमतील, पण ते चामडं घ्यायला ठेवलेत. द्यावेत का? काय बिघडलंय ते कुणी सांगेल का?

उंबरठा

मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेले शोधशब्द, भरलेत का? प्रत्येक पानाला वीस-पंचवीस शब्द टाका, 'कोल्हापुरी चप्पल', 'लेदर चप्पल', सगळे. आमच्या दुकानाला तसंच केलं होतं.

रंकाळाकाठ

उंबरठा, तो काळ गेला. मेटा कीवर्ड क्रमवारीसाठी बघत नाही हे गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय. भरून नुकसान नाही, उपयोगही नाही.

ताई, आधी एक : त्या माणसाला पैसे देऊ नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. क्रमवारीसाठी लिंक विकत घेणं त्यांच्या नियमांत स्पॅम धरलं जातं. २०१२ साली गुगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला तेव्हा अशा लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साईटी खाली गेल्या. आता बहुतेक वेळा गुगल त्या लिंका मोजतच नाही, म्हणजे अठरा हजार पाण्यात.

तुमचं दुखणं मला वेगळं वाटतं. तीन गोष्टी बघून सांगा.

सर्च कन्सोलमध्ये 'पेजेस' उघडा. 'नॉट फाउंड ४०४', म्हणजे न सापडणारी पानं, त्यापुढे किती आकडा आहे?

जुन्या पानांचे पत्ते आणि नवीन पानांचे पत्ते तेच आहेत का?

नवीन साईटवरची माहिती माऊसने निवडून कॉपी करता येते का, की फोटोतच छापलेली आहे?

कापशीवाली

दादा, लगेच बघितलं. ४०४ पुढे ४३.

पत्ते पूर्ण बदललेत. पूर्वी पानाच्या पत्त्यात 'कापशी-चप्पल' असं नाव असायचं, आता 'प्रॉडक्ट' आणि पुढे १२. माहिती कॉपी होत नाही, सगळी फोटोवरच लिहिलीय. आणि जुन्या साईटवर मी लिहिलेली सात-आठ पानं होती, ती त्यांनी घेतलीच नाहीत. म्हणाले, एवढं कोण वाचतं.

रंकाळाकाठ

सापडलं मग. चप्पल लाईनीतलं तुमचं दुकान रातोरात दुसऱ्या गल्लीत हलवलं आणि जुन्या दारावर पाटीही लावली नाही, असं झालंय. आठ वर्षांत लोकांनी, वर्तमानपत्रांनी, प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यांनी ज्या पानांना लिंक दिली ती सगळी दारं बंद. त्या लिंका तुम्ही कामाने कमावल्यात. विकतच्या ५०० पेक्षा त्या लाखमोलाच्या आहेत.

पाटी म्हणजे ३०१ रीडायरेक्ट : जुना पत्ता उघडला की आपोआप नवीन पानावर नेणारी सोय. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ४३ जुने पत्ते, उजवीकडे त्याच मालाचं नवीन पान. कापशी चपलेचं कापशीवर, पुकरी चपलेचं पुकरीवर. साईट करणारा म्हणेल की सगळे होमपेजवर वळवून टाकतो, पाच मिनिटांचं काम. तसं करू देऊ नका. भलत्याच पानावर वळवलेला पत्ता गुगल हरवलेलाच समजतो. ज्याला खरोखर जोड नाही तो ४०४ राहू दे. आणि हे रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढायचे नाहीत, जमलं तर कायमचे ठेवा.

फोटोवरचा मजकूर खाली साध्या अक्षरांत टाइप करून घ्या. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा हिशोब असतो. 'परफॉर्मन्स'मध्ये मार्च-एप्रिल निवडा आणि सगळ्यात जास्त लोक कोणत्या पानावर येत होते ते इथे लिहा. मला उत्सुकता आहे.

कापशीवाली

बघितलं आणि रडूच आलं. सगळ्यात जास्त लोक चपलेच्या पानावर येतच नव्हते! 'कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली तर काय करावं' या माझ्या पानावर येत होते. ते मामांनी सांगितलं होतं आणि मी लिहून घेतलं होतं : उन्हात किंवा विस्तवाजवळ ठेवायची नाही, चामडं तडकतं. कोरड्या फडक्याने टिपायची, सावलीत दोन दिवस वाळवायची, पूर्ण सुकल्यावर हलक्या हाताने तेल लावायचं. त्याखालीच आमचा फोन नंबर होता. आता ते पानच नाही आणि माझ्याकडे मजकूरही नाही.

रंकाळाकाठ

मजकूर मिळेल. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन उघडा, तिथे साईटींच्या जुन्या प्रती जपून ठेवलेल्या असतात, त्यात तुमचा जुना पत्ता टाका. वर्षं आणि तारखा दिसतील, मेच्या आधीची एखादी निवडा. सगळी पानं मिळतील असं नाही, पण वर्दळीचं पान बहुधा असतं. मिळालं की जमल्यास जुन्याच पत्त्यावर परत टाका, म्हणजे रीडायरेक्टही लागत नाही.

आणि तसं आणखी लिहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं कसं ओळखायचं, खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवतात म्हणजे काय, नवी चप्पल चावते तेव्हा काय करायचं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. मामांना जे माहीत आहे ते पैसे देऊन कुणी एसईओवाला (गुगलवर साईट वर आणून देणारा) लिहू शकणार नाही.

दूरदेशी

गिऱ्हाईक म्हणून सांगते. मी न्यू जर्सीत असते. कोल्हापुरी मागवताना दोनदा फसले, दोन्ही वेळा मापामुळे. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने कसं आखायचं आणि सेंटिमीटर कसे मोजायचे हे कुठेच नीट लिहिलेलं नसतं. ते पान करा. पार्सलचा खर्चही आधीच लिहा. आम्ही इथे रोमन लिपीत शोधतो, आणि चप्पलचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं.

रंकाळाकाठ

मापाचं पान कराच. स्पेलिंगची चिंता नको, ते फरक गुगल बऱ्यापैकी ओळखतं. पण मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर कालवू नका. दोन स्वतंत्र पानं करा आणि हे त्याचंच दुसऱ्या भाषेतलं पान आहे हे सांगणारा एचरेफलँग टॅग दोन्हीकडे लावून घ्या.

कापशीवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. अठरा हजार दिले नाहीत, त्यातून चामडं आणलं. ४३ पैकी ३६ पत्त्यांना जोड सापडली. साईटवाल्याने आधी सगळे होमपेजवरच वळवले होते, वही समोर ठेवून परत करून घेतले. भिजलेल्या चपलेचं पान वेबॅकमध्ये मिळालं, मार्चमधलं, माझ्या चुकांसकट. ते जुन्या पत्त्यावर परत लावलंय. क्लिक कालचे एकोणीस. साठ नाहीत, पण चारही नाहीत.

दूरदेशीताई, मापाचं पान लिहायला घेतलंय. मामांनी काल माझंच पाऊल कागदावर ठेवून आखलं आणि म्हणाले, पेन्सिल तिरकी धरू नकोस, उभी धर, नाहीतर माप सुटतं. टाचेच्या मागे किती जागा सोडायची त्याबद्दल मात्र त्यांचं आणि सासूबाईंचं एकमत होत नाहीये. तुम्हाला आलेल्या त्या दोन जोड्यांत नेमकं काय चुकलं होतं, लांबी की पट्ट्याची उंची? सांगाल तर तसं लिहीन.