गोल्फचा हँडिकॅप १९ वर आला आहे; काकांचे आयर्न ठेवावेत की नवा संच घ्यावा?

पहाटफेरी (पुणे)

नमस्कार. माझे वय ४६ असून उंची ५ फूट ४ इंच आहे. गेली तीन वर्षे मी शनिवार-रविवारी नियमित गोल्फ खेळतो. या काळात माझा हँडिकॅप इंडेक्स (जितका कमी, तितका खेळ चांगला) २८ वरून १९ वर आला आहे, आणि पुढची मजल मारायची तर साधनांकडे गंभीरपणे पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

सध्या माझ्याकडे काकांनी दिलेला आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबांचा संच आहे (नंबर जितका मोठा, तितका पल्ला आखूड). तो नव्वदच्या दशकातला असून त्यात ३ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचे (वेज म्हणजे आखूड पल्ल्याचा क्लब) घडीव ब्लेड, म्हणजे पातळ, भरीव डोकी, आणि जड, स्टिफ (कमी लवणारे) स्टीलचे शाफ्ट, म्हणजे दांडे आहेत. काकांची उंची जवळजवळ सहा फूट होती. ७ नंबरने माझा चेंडू हवेत १३५ यार्ड जातो, पण ५ नंबरने १५० आणि ४ नंबरनेही १५०च. पिचिंग वेजने १०५ यार्ड मिळतात, त्यानंतर थेट ५६ अंशांचा सँड वेज आहे, ज्याने ८० यार्ड जातात. मधल्या अंतरावर अर्धा स्विंग करावा लागतो आणि तिथेच माझे सर्वाधिक फटके वाया जातात. शिवाय ८ आणि ९ नंबरने मारलेला चेंडू सरळ फटका वाटूनही डावीकडे पडतो. मी उजव्या हाताने खेळतो.

गेल्या आठवड्यात एका दुकानातील सिम्युलेटरवर नव्या संचातला ७ नंबर मारून पाहिला, तर चेंडू १५० यार्ड गेला. पंधरा यार्डांचा हा फरक पाहून मन मोहात पडले आहे. संपूर्ण संच बदलावा का, की आधी आणखी काही करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोनमापक

तुम्ही अंतरे मोजून ठेवली आहेत, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य आहे. सर्वप्रथम त्या पंधरा यार्डांविषयी लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात.

आयर्नवरचा नंबर हे कोणत्याही नियमाने ठरलेले माप नाही; खरे माप लॉफ्टचे, म्हणजे फेस (चेंडूला लागणारी बाजू) किती मागे कलला आहे त्या कोनाचे असते; लॉफ्ट कमी, तर पल्ला लांब. तुमच्या काकांच्या काळातल्या ७ नंबरचा लॉफ्ट साधारण ३५ अंश असे. आज अंतरासाठी बनवलेल्या बऱ्याच संचांत तो २८ ते ३० अंशांवर आला आहे, म्हणजे तुमच्या जुन्या ५ किंवा ६ नंबरच्या जवळचा. दुकानात तुम्ही ७ आकडा कोरलेला एक लांब पल्ल्याचा क्लब मारलात आणि त्याची तुलना आखूड पल्ल्याच्या क्लबशी केलीत. नव्या क्लबांचे वजन खाली असल्यामुळे कमी लॉफ्टनेही चेंडू वर उठतो, हे खरे आहे आणि तो फायदा मी नाकारत नाही. परंतु पुढच्या वेळी पडद्यावर केवळ यार्ड पाहू नका; चेंडू किती उंच गेला, किती उभ्या कोनातून खाली आला आणि त्यावर फिरकी किती होती, हेही विचारा. सपाट येणारा चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर) पडून पलीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जात असेल, तर त्या पंधरा यार्डांचा उपयोग काय? तुलना करायचीच असेल तर समान लॉफ्टच्या क्लबांची करा.

आता ब्लेडविषयी. कार्स्टेन सोलहाइम या अभियंत्याने, म्हणजे पिंग कंपनीच्या संस्थापकाने, क्लबहेडचे वजन मध्यावरून काढून कडांकडे नेले. त्यामागचे तत्त्व आपण शाळेत जडत्व आघूर्ण म्हणून शिकलो आहोत: वस्तुमान केंद्रापासून जितके दूर, तितकी ती वस्तू वळायला नाखूष असते. फेसच्या मध्याऐवजी टोकाकडे चेंडू लागला की ब्लेड हातात वळते, अंतर घटते आणि दिशा बिघडते. कडांकडे वजन नेलेल्या, मागे खोलगट क्लबहेडमध्ये, म्हणजे कॅव्हिटी बॅकमध्ये, हे नुकसान कमी होते. १९ हँडिकॅपच्या खेळाडूचा फटका प्रत्येक वेळी मध्यावर बसत नाही, म्हणून माझ्या मते कॅव्हिटी बॅक हाच तुमचा मार्ग आहे. तरीही खात्री करण्यासाठी फेसवर इम्पॅक्ट टेप चिकटवा, तीस चेंडू मारा आणि खुणा कुठे उमटतात ते पाहा. खुणा विखुरलेल्या दिसल्या, तर मोठा आणि क्षमाशील क्लबहेड घ्या. एका जागी पण टोकाकडे दिसल्या, तर दोष क्लबच्या लांबीत किंवा तुमच्या उभे राहण्यात असू शकतो, आणि नवा क्लबहेड तो दूर करणार नाही.

४ आणि ५ नंबर सारखेच अंतर देतात याचा अर्थ असा की तुमच्या स्विंगच्या वेगाला ४ नंबरचा चेंडू पुरेसा उंच उडत नाही. ३ आणि ४ नंबर बॅगेतून काढा आणि त्या जागी एक हायब्रिड, म्हणजे लांब आयर्नपेक्षा चेंडू सहज उंच उडवणारा क्लब घ्या. नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, मात्र १४ असलेच पाहिजेत असे कुठेही म्हटलेले नाही.

१०५ आणि ८० यार्डांमधली फट ५२ अंशांच्या वेजने भरेल. तो लगेच घ्यायला हरकत नाही.

शाफ्ट_आणि_लाय

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु ५२ अंशांचा वेज लगेच घेण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. नव्या संचांतील पिचिंग वेज अनेकदा ४३ किंवा ४४ अंशांचा असतो. उद्या तसा संच घेतला तर ४४ नंतर एकदम ५२ येईल आणि आज भरलेली फट उद्या वरच्या बाजूला उघडेल. आधी आयर्न ठरवावेत, त्यातील पिचिंग वेजचा लॉफ्ट पाहावा आणि तिथून पुढे ४ ते ६ अंशांच्या अंतराने वेज निवडावेत. हा क्रम उलटा केल्यामुळे मी स्वतः दोन वेज विकत घेऊन नंतर तोट्यात विकले आहेत.

चेंडू डावीकडे जाण्याचे कारण मला तुमच्या स्विंगपेक्षा क्लबच्या लाय कोनात (क्लब जमिनीवर टेकवल्यावर दांडा जमिनीशी करतो त्या कोनात) असावेसे वाटते. उंच खेळाडूसाठी ठीक असलेला क्लब बुटक्या खेळाडूच्या हाती आला की फटक्याच्या क्षणी त्याचे टोक जमिनीवरून उचललेले राहते आणि फेस डावीकडे पाहू लागतो. लॉफ्ट जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा, म्हणूनच तो ८ आणि ९ नंबरला अधिक जाणवतो. काकांनी आपल्या उंचीनुसार क्लब वाकवून घेतले असतील तर दोष आणखी वाढला असेल. तपासण्याची रीत सोपी आहे. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड रेघ काढा, ती रेघ उभी आणि फेसच्या बाजूला राहील असा चेंडू ठेवा आणि मारा. फेसवर रेघ उभी उमटली तर लाय योग्य आहे, तिरकी उमटली तर बदल हवा. घडीव आयर्न मऊ पोलादाचे असल्यामुळे जाणकार कारागीर ते एक-दोन अंश सहज वाकवून देतो, आणि त्याचा खर्च नव्या संचापुढे नगण्य असतो.

शाफ्टकडे मात्र दुर्लक्ष करू नका. जुन्या स्टिफ स्टील शाफ्टचे वजन बहुधा १३० ग्रॅमच्या घरात असते, तर आज १०० ग्रॅमच्या आसपासचे हलके स्टील आणि त्याहून हलके ग्रॅफाइटही मिळते. तुमच्या फेरीतले शेवटचे पाच-सहा होल बिघडत असतील, तर त्यामागे तंत्राइतकाच हा भारही असू शकतो. ‘स्टिफ’ किंवा ‘रेग्युलर’ हे शब्दही सर्व कंपन्यांत एकाच मापाचे नसतात, त्यामुळे लेबलवर विसंबू नका, मारून पाहा.

चेंबूरची_फेरी

मी महिला खेळाडू आहे, म्हणून लेबलच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. सुरुवातीला एका दुकानदाराने माझा वेग न मोजताच मला महिलांसाठीचा अतिलवचिक शाफ्टचा संच दिला. दोन वर्षे माझा चेंडू उंच जाऊन डावीकडे वळत राहिला आणि मी स्वतःलाच दोष देत राहिले. अखेर प्रोने (व्यावसायिक प्रशिक्षकाने) वेग मोजला तेव्हा मला रेग्युलर शाफ्ट हवा असल्याचे कळले. मोजणी न करता क्लब घेऊ नये, हे मी फार कळकळीने सांगते.

वेज निवडताना लॉफ्टसोबत बाउन्सही, म्हणजे क्लबच्या तळाचा जमिनीशी होणारा कोनही पाहा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) इतका मऊ होतो की कमी बाउन्सचा वेज मातीत रुततो, तर एप्रिल-मेमध्ये तीच जमीन टणक होते आणि जास्त बाउन्सचा वेज उसळून चेंडूच्या मध्यावर आदळतो. बंकरमध्ये हे गणित उलटते: पावसाने दबलेल्या ओल्या वाळूत कमी बाउन्स सोयीचा, कोरड्या भुसभुशीत वाळूत जास्त. म्हणून मी सँड वेजला १२ अंशांचा आणि त्यावरच्या वेजला ८ अंशांचा बाउन्स ठेवला आहे, म्हणजे दोन्ही ऋतूंत एक तरी वेज हाताशी राहतो. ग्रिप दरवर्षी बदलून घ्या. दमट हवेत गुळगुळीत झालेली ग्रिप आवळून धरताना मनगटे ताठ होतात.

आणि पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब! पार ७२ च्या (१८ होलांत ७२ फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे पटरचे ३६ फटके गृहीत धरलेले असतात. तुम्ही तुमच्या पटरविषयी एक शब्दही लिहिलेला नाही.

पहाटफेरी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) रेघेची चाचणी केली. ९ नंबरवर रेघ स्पष्टपणे तिरकी उमटली, ५ नंबरवर थोडीशीच. टेपवरच्या खुणा मात्र फेसभर पसरलेल्या होत्या, म्हणजे कॅव्हिटी बॅकचा सल्लाही खरा ठरला. पटर मी सात वर्षांपूर्वी दुकानात पाच मिनिटांत निवडला होता. त्याची लांबीही आता मोजून घेईन.

आधी काकांचे ८, ९ आणि पिचिंग वेज वाकवून घेऊन महिनाभर खेळायचे आणि त्यानंतर त्यांच्यासोबतच, समान लॉफ्टच्या नव्या क्लबांची तुलना करायची असे ठरवले आहे. हायब्रिड तेवढा आत्ताच घेऊ का?

शाफ्ट_आणि_लाय

घ्या, पण २२ अंशांच्या हायब्रिडसोबत त्याच लॉफ्टच्या जवळपासचा ७ वूडही (वूड म्हणजे मोठ्या डोक्याचा लांब पल्ल्याचा क्लब) मारून पाहा. तुमच्या वेगाला वूडचा चेंडू अधिक उंच जाऊन ग्रीनवर लवकर थांबण्याची शक्यता आहे; हायब्रिड रफमधून, म्हणजे वाढलेल्या गवतातून, बरा निघतो. तुमच्या कोर्सवर १५० यार्डांपलीकडचा फटका बहुतांशी फेअरवेवरून येतो की गवतातून, हे पुढच्या तीन फेऱ्यांत लिहून ठेवा आणि मग दुकानात जा.