बदलाचे मूळ १९८९ च्या आदेशांत

इंग्लंडमधील पबचे रूप २००७ च्या धूम्रपानबंदीने पालटले, हे मत मला अपुरे वाटते. १९८९ च्या सरकारी आदेशांनी मोठ्या बिअर उत्पादकांच्या पबमालकीला लगाम घातला. तेव्हा त्यांनी विकायला काढलेले हजारो पब ज्या कंपन्यांच्या हाती गेले, त्यांना ती मुख्यतः मालमत्ता वाटत होती. वाढते भाडे आणि ठरलेल्या पुरवठादाराकडूनच बिअर घेण्याची सक्ती, अशा कात्रीत सापडलेला पबचालक जेवण विकण्याकडे वळला, हे ओघानेच आले. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविक, वेस्ट ब्रॉमविच भागातील पंजाबी लोकांनी चालवलेले पब मात्र (माझ्या मते जुन्या परंपरेचे खरे वारस) वेगळे आहेत: तिथे चरचरत्या लोखंडी थाळीत मिक्स ग्रिल (भाजलेल्या मांसाचे निरनिराळे प्रकार) येते आणि शेजारच्या टेबलावर एखादा गोरा म्हातारा आपला बिअरचा पाइंट पुरवून पुरवून पीत बसलेला असतो.