गोड आणि कुरकुरीत असे घरच्या घरी काय करता येईल, आणि ते पावसाळ्यात सादळू नये म्हणून काय करावे?

सांजवेळ (कोथरूड)

नमस्कार. मी गेली काही वर्षे घरूनच काम करते. संध्याकाळी पाच-साडेपाचला चहाचे आधण ठेवले की काहीतरी गोड आणि दाताखाली कुडुम वाजणारे खावेसे वाटते. शिरा, खीर किंवा लाडू खाऊन ही इच्छा भागत नाही, कारण गोडाइतकाच तो आवाजही हवा असतो. आजवर मी बिस्किटांच्या पुड्यांवर वेळ मारून नेली, पण आता नऊ वर्षांचा मुलगाही शाळेतून आला की हात न धुता आधी तोच पुडा शोधू लागला आहे. म्हणून हा खाऊ घरीच करायचा, असे मी मनापासून ठरवले आहे.

दोन प्रयत्न करून झाले आणि दोन्ही फसले. जूनअखेर केलेली शेंगदाण्याची चिक्की थाळीत थापताना अगदी हवी तशी दिसत होती, पण गार झाल्यावर ती चिवट निघाली, दाताला चिकटून बसली आणि तिसऱ्या दिवशी डब्यात सगळ्या वड्यांचा एकच गोळा झाला. त्यानंतर केलेले शंकरपाळे इतके कडक झाले की सासूबाईंना ते चहात बुडवूनच खावे लागले. माझ्याकडे ओव्हन नाही, रोजच्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ काढता येत नाही आणि केलेला पदार्थ निदान आठवडाभर टिकावा, अशी इच्छा आहे. कृतींइतकेच चूक नेमकी कुठे होते, हेही कुणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

निवृत्त_शिक्षक (सहकारनगर)

तुमच्या चिक्कीचे दुखणे एकच आहे: पाक लवकर उतरवला गेला आणि त्यात पाणी राहून गेले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडे विस्ताराने सांगतो.

गूळ वितळून उकळू लागला की त्यातले पाणी वाफ होऊन जाऊ लागते, आणि पाणी जसजसे कमी होते तसतसे पाकाचे तापमान चढत जाते. साधारण ११५ अंश सेल्सियसच्या आसपास पाकाची मऊ गोळी होते, म्हणजे तो लाडवांच्या कामाचा असतो. चिक्कीसाठी मात्र तो १५० अंशांच्या जवळ न्यावा लागतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत त्यात जेमतेम एक-दोन टक्केच पाणी उरते. असा पाक गार झाला की त्याचे खडे होत नाहीत, तो काचेसारखा घट्ट बसतो आणि म्हणूनच कटकन तुटतो. पाणी थोडे जरी जास्त उरले तरी ही काच मऊ पडते, आणि तुम्हाला जो चिवटपणा जाणवला तो हाच.

तापमापक वापरणार असाल तर एक काळजी घ्या. आपले पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी जवळपास ९८ अंशांनाच उकळते. तापमापक आधी उकळत्या पाण्यात धरून पाहावा आणि पुस्तकात दिलेल्या आकड्यातून तेवढे दोन अंश वजा करावेत. तापमापक नसला तरी काही अडत नाही, कारण गार पाण्याची वाटी तेच काम चोख करते. पाकाचा थेंब वाटीत टाकला की सुरुवातीला तो विरघळतो, मग त्याची मऊ गोळी होते, त्यानंतर तो रबरासारखा ताणला जातो. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण थेंब घट्ट झालेला दिसतो आणि पाक झाला असे वाटते. तिथून पुढे मंद आचेवर आणखी दीड-दोन मिनिटे धीर धरावा लागतो. थेंब वाटीत पडल्यावर टण् असा आवाज आला आणि बोटांनी मोडताना तो न वाकता तुटला, की गॅस बंद करावा.

माझे प्रमाण एक वाटी शेंगदाण्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि एक चमचा तूप असे आहे. दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटे भाजून, सोलून, त्यांची अर्धुके करून घ्यावीत. गुळात पाणी अजिबात घालू नये, कारण जे घालाल तेच पुन्हा आटवत बसावे लागते. पाक झाला की त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून भरभर ढवळावे. पाक फेसाळतो, त्याचा रंग उजळतो आणि आत अडकलेल्या बारीक बुडबुड्यांमुळे वडी दाताला हलकी लागते. लगेच दाणे मिसळून तूप लावलेल्या पोळपाटावर ओतावे, तुपाच्या हाताने लाटणे फिरवावे आणि गरम असतानाच सुरीने वड्यांच्या रेषा पाडाव्यात. या सगळ्याला मिनिटभराचाच अवधी मिळतो, तेव्हा तयारी आधी करून ठेवलेली बरी. मंडईत किंवा कोणत्याही जुन्या किराणा दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मागितल्यास मिळतो आणि त्याची चिक्की हमखास जमते. पण पाक पूर्ण होऊ दिला तर साध्या गुळाचीही होते.

डब्यातला गोळा झाला तो हवेमुळे. साखरेची ही काच हवेतले पाणी ओढून घेते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नसतो. वड्या पूर्ण गार झाल्यावरच, पण गार झाल्याबरोबर, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात आणि दोन थरांमध्ये बटर पेपर घालावा. कोमट वड्या भरल्या तर झाकणाला आतून घाम येतो.

पोळपाट_लाटणे (शनिवार पेठ)

सरांनी चिक्कीबद्दल सांगितलेच आहे, मी शंकरपाळ्यांविषयी लिहिते, कारण दर दिवाळीला पाच-सहा किलो करण्याचा माझा पंचवीस वर्षांचा सराव आहे. आधी एक गोष्ट मनाशी ठरवून घ्या, की तुम्हाला कुरकुरीत हवे आहे की खुसखुशीत. नानकटाई खुसखुशीत असते, म्हणजे ती तोंडात विरघळते, पण वाजत नाही. चिक्की वाजते, पण विरघळत नाही. शंकरपाळे आपण म्हणू तसे होतात, आणि ते सगळे मोहनावर, म्हणजे पिठात घातलेल्या तुपावर, अवलंबून असते.

खुसखुशीत शंकरपाळ्यांचे आमच्या घरचे प्रमाण एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि त्यात मावेल तेवढा मैदा, म्हणजे साडेचार-पाच वाट्या, असे आहे. दूध, साखर आणि तूप एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच गरम करायचे, उकळू द्यायचे नाही, आणि कोमट झाल्यावर मैदा व चिमूटभर मीठ घालायचे. तुम्हाला कुरकुरीत हवे आहेत, तर तूप पाऊण वाटीच घ्या आणि पोळी नेहमीपेक्षा पातळ लाटा. तुमचे शंकरपाळे कडक झाले त्याची कारणे मला दोन दिसतात. तूप कमी पडले असेल किंवा कणीक चांगली मळावी म्हणून पीठ जोर लावून मळले असेल. शंकरपाळ्यांचे पीठ पोळ्यांच्या कणकेसारखे मळायचे नसते, नुसते गोळा करून आणायचे असते. जितके रगडाल तितका मैद्याला चिवटपणा येतो आणि तळल्यावर तोच चिवटपणा कडक होऊन बसतो.

तळणे हा अर्धा जीव आहे. तेल मध्यम तापले की एक तुकडा टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन सावकाश वर आला पाहिजे. लगेच उसळून वर आला तर तेल फार तापले आहे असे समजावे, कारण मग बाहेरून रंग चढतो आणि आत ओल राहते, आणि अशा शंकरपाळ्या दुसऱ्याच दिवशी सादळतात. त्यानंतर आच मंद ठेवायची आणि तुकड्यांभोवतीचे बुडबुडे शांत होईपर्यंत हलवत राहायचे. ते बुडबुडे म्हणजे पिठातले पाणीच बाहेर पडत असते. ते थांबले की पाणी संपले. आणि तूप भारंभार घालू नका, नाहीतर अनारसा हसतो तसे शंकरपाळे कढईत पसरतात.

गूळखोबरे (औंध)

रोजच्या अर्ध्या तासात बसणारे दोन प्रकार सुचवते. पहिला शिळ्या पोळीचा. रात्रीच्या पोळ्यांच्या बोटभर पट्ट्या कापून, तव्यावर तूप सोडून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कडक होऊ द्याव्यात. गरम असतानाच त्यांवर पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड भुरभुरावी. माझ्या मुली याला ‘गोड काप’ म्हणतात आणि दहा मिनिटांत फस्त करतात, त्यामुळे साठवणीचा प्रश्न अजून आलेला नाही.

दुसरा चुरमुऱ्यांचा. चार वाट्या चुरमुरे आधी कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावेत. एक चुरमुरा चिमटीत दाबला तर त्याचा भुगा व्हायला हवा. पावसाळ्यात ही पायरी गाळली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. मग पाऊण वाटी गुळाचा सरांनी सांगितला तसाच कडक पाक करून त्यात चुरमुरे आणि मूठभर डाळं घालावे. लाडू वळताना हात भाजतात, म्हणून मी ते थाळीत पसरून त्यांचे तुकडे करते. मखाण्यांचेही असेच करता येते, फक्त मखाणे चमचाभर तुपावर आठ-दहा मिनिटे भाजावे लागतात.

संथ_चाल (बिबवेवाडी)

एक विनंती करावीशी वाटते. वर सगळीकडे गूळ आहे, म्हणून तो सासूबाईंना कितीही चालेल असे कृपया समजू नका. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि आमच्या घरी कित्येक महिने हाच गैरसमज होता. गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार असतात, पण तो बहुतांशी साखरच असतो आणि रक्तातली साखर वाढवतोच. सासूबाईंना तसा त्रास असल्यास वड्या लहान पाडाव्यात, दाण्यांचे प्रमाण वाढवावे आणि किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

सांजवेळ (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना मधुमेह नाही, पण वड्या लहानच पाडल्या.

काल चिक्की केली. गूळ साधाच होता. पाण्यात थेंब घट्ट झालेला दिसला आणि नेहमीच्या सवयीने माझा हात गॅसच्या बटणाकडे गेला होता, पण थेंब मोडून पाहिला तर तो रबरासारखा ताणला गेला. सरांचे वाक्य आठवून थांबले. पुढच्या दीड मिनिटात पाकाचा वास बदलला, रंग तांबूस झाला आणि नंतरचा थेंब वाटीच्या तळाशी टण् करून वाजला. तो आवाज मुलालाही बाहेरच्या खोलीत ऐकू गेला. बाहेर पाऊस असूनही आज वड्या सुट्या आहेत आणि कटकन मोडतात. चूक एकच झाली: सोडा चिमूटभराऐवजी पाव चमचा पडला, त्यामुळे मागून किंचित कडवट चव येते.

शंकरपाळे रविवारी करीन. पोळपाट_लाटणे, मैद्याऐवजी अर्धी कणीक घेतली तर दूध वाढवावे लागेल का?

पोळपाट_लाटणे (शनिवार पेठ)

दूध वाढवू नका. कणीक मैद्यापेक्षा जास्त ओल शोषते, म्हणून पीठच अर्धी वाटी कमी घाला आणि भिजवलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवा. रंग थोडा गडद येतो, तेव्हा तळताना रंगाकडे न पाहता बुडबुड्यांकडे पाहा.