जर्मन सुरू असताना दुसरी परकीय भाषा घ्यावी का, आणि कोणती?

प्रश्न

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात असून जर्मनची ए२ ही प्राथमिक पातळी नुकतीच पूर्ण केली आहे. यंदा श्रेयांकांसाठी आणखी एक परकीय भाषा निवडता येते आणि माझ्यासमोर फ्रेंच व जपानी असे दोन पर्याय आहेत. दोन भाषांची सरमिसळ होऊन दोन्ही कच्च्या राहतात असे काही जण सांगतात, तर एक भाषा आली की पुढची सोपी जाते असेही ऐकायला मिळते. ज्यांनी असा अभ्यास केला किंवा शिकवला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

दोन्ही मते खरी आहेत, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर. दोन्ही भाषा प्राथमिक पातळीवर असताना सरमिसळ सर्वाधिक होते. बोलताना शब्द अडला की मातृभाषेतला नव्हे, तर दुसऱ्या परकीय भाषेतला शब्द आधी तोंडी येतो. जर्मन बी१ला पोहोचली, म्हणजे नेहमीच्या विषयांवरचे संभाषण आधाराविना निभावता येऊ लागले, की हा त्रास बराच कमी होतो. तोवर नवी भाषा घेतली तरी तिचा वेग मुद्दाम मर्यादित ठेवावा.

निवडीबाबत मी जपानीच्या बाजूने आहे. अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी जपानीला सुमारे २२०० वर्गतास धरले आहेत आणि फ्रेंचला त्याच्या जवळपास एक तृतीयांश. हा आकडा पाहून अनेक जण माघार घेतात, मात्र तो इंग्रजी भाषकांचा आहे हे लक्षात घ्यायला हवे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे निपात नामानंतर लागतात, त्यामुळे मराठी भाषकाला वाक्यरचना परकी वाटत नाही. खरे कष्ट लिपीचे आहेत: हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे, शिवाय नित्य वापराच्या अधिकृत यादीतील २१३६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हे. हे काम रोज थोडे थोडेच होते. परीक्षेच्या तोंडावर उरकता येत नाही.

प्रतिसाद २

मी फ्रेंच सुचवेन. लिपी ओळखीची आहे आणि इंग्रजीमुळे शब्दसंग्रहाचा मोठा भाग लवकर उमजतो, त्यामुळे जर्मनला द्यायचा वेळ फारसा कमी होत नाही. गोंधळ होईल तो लिंगांचा. जर्मनमध्ये मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत, फ्रेंचमध्ये दोनच. शिवाय सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, तर फ्रेंचमध्ये नेमके उलट. म्हणून कोणतेही नाम उपपदासह पाठ करावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. माझा कल जपानीकडे आहे. दोन्ही भाषांचा अभ्यास एकाच दिवशी करावा की दिवस वाटून घ्यावेत?

प्रतिसाद १

दिवस वाटू नयेत, कारण नवी अक्षरे मध्ये खंड पडला की लवकर विसरतात. सकाळी जपानीची लिपी आणि संध्याकाळी जर्मनचे वाचन व लेखन, अशी दोन सत्रे ठेवावीत आणि वह्याही वेगळ्या असाव्यात. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. डिसेंबरला तिची सर्वांत खालची एन५ पातळी द्यायची असेल, तर जर्मनची बी१ परीक्षा त्याच महिन्यात ठेवू नये. अर्ज बरेच आधी भरावे लागतात, त्यामुळे दोन्ही तारखा सत्राच्या सुरुवातीलाच पाहून घ्याव्यात.