बीकॉमचा निकाल 'राखीव', तिसऱ्या सत्रात एका विषयाला चुकीची गैरहजेरी. आधी कुणाला गाठावं?

अडकलेला_बीकॉम
राज्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. सहावं सत्र सगळ्या विषयांत पास, पण गुणपत्रिकेवर निकाल राखीव, म्हणजे राखून ठेवलेला. तिसऱ्या सत्रात एका विषयाच्या अंतर्गत गुणांच्या रकान्यात 'गैरहजर' आहे. ती चाचणी दिलेली आहे. कॉलेज म्हणतं गुण पाठवले, विद्यापीठ म्हणतं आले नाहीत. एमकॉमच्या प्रवेशासाठी अंतिम निकाल मागताहेत. कोणत्या क्रमाने जावं?

आवक_जावक
पहिल्यांदा खात्री करा, निकाल याच विषयामुळे अडकलाय ना? एलिजिबिलिटीची (प्रवेशपात्रतेची) फाईल अपुरी असली (बारावी दुसऱ्या बोर्डाची आणि मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर दाखला, जमा नाही, हे नेहमीचं) तरी निकाल असाच राखून ठेवतात. तो विभाग वेगळा, कागदही वेगळे. दोन्ही कारणं एकत्र असली तर एक सुटल्यावर दुसरं कळतं आणि महिना फुकट जातो.

आता 'कॉलेजने पाठवले' याचा अर्थ. बहुतेक ठिकाणी हे तीन टप्प्यांत चालतं. शिक्षक गुणांची यादी परीक्षा विभागाला देतात, तिथला लिपिक ती पोर्टलवर भरतो आणि शेवटी कॉलेजच्या लॉगिनमधून यादी कायम केली जाते. शेवटचा टप्पा राहिला तर विद्यापीठाला काहीच दिसत नाही, कॉलेजच्या पडद्यावर मात्र गुण दिसतात. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. म्हणून कॉलेजकडे शिक्षकांची हस्तलिखित यादी मागू नका, कायम केल्यानंतर निघणारी पोर्टलची छापील प्रत मागा. ती निघाली आणि तुमच्या नावापुढे गुण असले तर चूक विद्यापीठाकडे. निघाली नाही, किंवा तुमचा रकाना कोरा असला, तर कॉलेजकडे. कोरा रकाना पुष्कळदा गैरहजर म्हणूनच धरला जातो.

तिसरी शक्यताही तपासा: गुण चढलेत, पण चुकीच्या बैठक क्रमांकावर किंवा जुन्या पॅटर्नच्या (अभ्यासक्रमाच्या) विषय संकेतांकाखाली. एखादं वर्ष खंड पडलेल्यांचं हे हमखास होतं.

फायलीत_बोट
वरच्याशी सहमत. चूक कॉलेजची निघाली तर गुण भरायची मुदत कधीच संपलेली असते, पोर्टल उघडत नाही. मग एकच वाट: प्राचार्यांचं पत्र, 'संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ' यांच्या नावे. २०१६ च्या कायद्यापासून हे पदनाम आहे, जरी खिडकीवर सगळे अजून परीक्षा नियंत्रकच म्हणतात.

पत्राला जोडायचं: त्या विषयाची पूर्ण वर्गाची गुणयादी, शिक्षक आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने (फक्त तुमच्या एका नावाची यादी दिली की संशय येतो आणि फाईल परत येते), चाचणीच्या दिवसाचा हजेरीपट, चाचणीची उत्तरपत्रिका सापडली तर तिची साक्षांकित प्रत, तुमच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका. गुण उशिरा का येताहेत याचं कारण प्राचार्यांनी पत्रातच लिहिलं पाहिजे. 'अनवधानाने राहिले' एवढंही चालतं, पण ते नसलं की शेरा मारून पत्र परत. विलंब शुल्क लागलं तर ते कॉलेजने भरायचं, कारण चूक त्यांची. तसं लेखी मागा.

तुमचा स्वतःचा अर्ज वेगळा द्या. त्यात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), तिसऱ्या आणि सहाव्या सत्राचे बैठक क्रमांक, पॅटर्नचं वर्ष, विषय संकेतांक, परीक्षेचा महिना. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक (अर्ज आल्याच्या नोंदीचा), तारीख, शिक्का घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

चहा_कटिंग
तोवर तिसऱ्या सत्राचा बॅकलॉगचा फॉर्म भरून ठेवा, मुदत गेली तर सहा महिने गेले.

आवक_जावक
@चहा_कटिंग, इथे थोडं जपून. पुनर्परीक्षेतून पास झालात की उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष नव्या परीक्षेचं छापलं जातं, आणि मूळ दुरुस्तीची फाईल 'विद्यार्थी उत्तीर्ण, प्रश्न मिटला' म्हणून बंद होऊ शकते. माझं मत: आधी पंधरा दिवस पत्राच्या मागे लागा. फॉर्मची शेवटची तारीख अगदी जवळ आलीच तर भरा, पण अर्जात स्पष्ट लिहा की गैरहजेरी मान्य नाही.

फायलीत_बोट
दुरुस्ती मंजूर झाल्यावर लोक सुस्कारा सोडतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. तिसऱ्या सत्राचे गुण बदलले म्हणून सहाव्याचा निकाल आपोआप बदलतोच असं नाही, त्याची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. अर्जातच मागणी दुहेरी करा: तिसऱ्या सत्राची दुरुस्त गुणपत्रिका आणि सहाव्या सत्राची अंतिम श्रेणीसह नवी गुणपत्रिका. चुकीच्या मूळ प्रती परत घेतात, म्हणून आधी रंगीत स्कॅन करा. नंतर डिजिलॉकर आणि एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, श्रेयांकांची नोंद ठेवणारं) खातं बघा, तिथे जुनीच नोंद राहिलेली असू शकते.

कलम_बहाद्दर
पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे नियम आहेत. निकालातला विलंब त्यात तक्रार म्हणून स्पष्ट धरलाय. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेले) अपील, आणि लोकपालांना ३० दिवस. लोकपाल फेरतपासणीच्या मागण्या सहसा घेत नाहीत, म्हणून 'गुण वाढवा' असा वास येईल असं एकही वाक्य नको. 'दिलेल्या परीक्षेची नोंद झाली नाही' एवढंच लिहा.

सोबत माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'का केलं नाही?' असे प्रश्न विचारू नका, कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही, टिपणीची (फाईलवर कार्यालयाने लिहिलेल्या नोंदीची) प्रत, सध्या फाईल कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे आहे. ३० दिवसांत उत्तर नाही तर प्रथम अपील, त्याला २० रुपये. पुष्कळदा उत्तर येण्याआधी फाईल हलते, कारण टिपणीची प्रत द्यायची म्हणजे आधी टिपणी लिहावी लागते.

अडकलेला_बीकॉम
आभार. पोर्टलची छापील प्रत मागितली, त्यात माझा रकाना कोरा आहे. एमकॉमचं काय करू?

फायलीत_बोट
मग प्राचार्यांचं पत्र, दुसरं काही नाही. हाती न्यायची परवानगी मागा, टपालात आठवडा जातो. एमकॉमसाठी कॉलेजकडून 'अंतर्गत गुण पाठवायचे राहिल्याने निकाल राखीव, दुरुस्ती प्रस्ताव जावक क्रमांक अमुक' असा दाखला घ्या आणि हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळतो का ते प्रवेश समितीला लेखी विचारा. नुसतं बोनाफाईड पुरत नाही, त्यात निकालाचा उल्लेख नसतो.

चहा_कटिंग
आणि नवी गुणपत्रिका हातात आली की तिथल्या तिथे उत्तीर्ण होण्याचा महिना बघा, मूळ परीक्षेचाच हवा. पदवी प्रमाणपत्राच्या अर्जात देवनागरी नाव भरावं लागलं तर ते स्वतः टाइप करा. इंग्रजीवरून आपोआप उमटलेलं नाव तसंच सोडलं तर शिर्केचं शिरके होतं, आणि मग त्या दुरुस्तीसाठी पुन्हा नवा अर्ज, नवा आवक क्रमांक.