लालबागेचा हिशेब कोणी द्यायचा?

रामबागकर:
होळकरांच्या लालबाग राजवाड्याचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर घडवलेले आहे, हे आपण इंदूरकर पाहुण्यांना पोह्यांबरोबरच वाढतो. तिथल्यासारखा हिशेब मात्र आपण कधी मागितला नाही. २०११ च्या कायद्याने तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांना राजघराण्याचे हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला, २०१४ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने रखडलेल्या दुरुस्त्यांवरून कारभाऱ्यांना जाहीरपणे खडसावले, आणि २०१६ साली पॅलेसच्या जुन्या वायरी, नळ व बॉयलर बदलण्यासाठी ३६ कोटी ९० लाख पौंडांची दहा वर्षांची योजना आकड्यासह लोकांपुढे मांडली गेली. लालबाग राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, म्हणजे मालक आपणच. तिकिटांची जमा, दुरुस्तीचा खर्च, कंत्राटदाराचे नाव आणि रेंगाळलेली कामे एवढे दरवर्षी एका पानावर लिहून दाराशी लावायला काय हरकत आहे? शिवाय, ज्या खासगी राजवाड्यांना करात सवलत मिळते, त्यांनीही असेच पान लावावे, असे माझे मत आहे.

जुनी इंदूर:
पहिली मागणी मान्य, दुसरी अजिबात नाही. लालबागेत आज कोणी राहत नाही. ग्वाल्हेरच्या जयविलासात संग्रहालय असले तरी तेथे शिंदे कुटुंबाचे घरही आहे, आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास गायकवाडांच्या खासगी मालकीचा आहे. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले, तेव्हापासून या अवाढव्य वास्तूंची डागडुजी ही कुटुंबे पदरमोड करूनच करतात. राहिली आयकराची सवलत. माजी संस्थानिकाच्या ताब्यातील एका राजवाड्याचे वार्षिक मूल्य, म्हणजे तो भाड्याने दिल्यास वर्षाला मिळू शकेल असे भाडे, करमुक्त धरतात, इतकीच ती आहे. आणि राहत्या घराचे वार्षिक मूल्य तर तुमचे-माझेही शून्यच धरले जाते. मग त्यांच्या दिवाणखान्यात डोकावण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

रामबागकर:
राहत्या भागापुरते तुमचे बरोबर आहे; खरी गोम भाड्याच्या भागात आहे. राजस्थानातल्या कोटा संस्थानच्या महारावांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये असा निर्णय दिला की, राजवाड्याचा काही भाग भाड्याने दिलेला असला तरी सवलत संपूर्ण वास्तूला लागू राहते. आपल्यापैकी कोणी वरचा मजला भाड्याने दिला, तर त्या भाड्यावर कर चुकत नाही. जो कर सरकारने सोडला, तो त्या वास्तूच्या कामी आला की नाही, एवढेच मी विचारतो आहे.

चुनेगच्ची:
मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून मध्येच बोलतो: तुम्ही दोघेही पैसे मोजता आहात, भिंत कोणीच पाहत नाही. चुना भिजवून मुरवावा लागतो, चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली, मळावा लागतो, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालावे लागते, आणि या सगळ्याला वेळ लागतो. निविदा मात्र सर्वांत कमी दर देणाऱ्याला मिळते, आणि तो सिमेंटचा गिलावा मारून मोकळा होतो. आत ओल कोंडते, विटांचे पापुद्रे सुटू लागतात, तरीही कागदावर काम निर्दोष ठरते, कारण तपासणीत दर पाहिला जातो, गिलावा नव्हे. नुसता खर्च दाराशी टांगला, तर अधिकारी आणखी स्वस्त कंत्राटदार शोधतील. आपल्या शहरातल्या होळकरांच्या जुन्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचे होते आणि १९८४ च्या आगीत काय झाले ते इंदूरने पाहिले आहे. वायरिंग शेवटचे कधी तपासले, गळती कुठे आहे, हे आधी जाहीर करा, रुपये नंतर.

जुनी इंदूर:
चुनेगच्चींची मागणी सरकारी वास्तूंसाठी मला रास्त वाटते. खासगी राजवाड्यांबाबत मात्र रामबागकरांनी लंडनचेच उदाहरण पुढे वाचावे. १९९२ साली राजघराण्याच्या विंडसर किल्ल्याला आग लागली, तेव्हा दुरुस्तीचा भार करदात्यांवर टाकण्याच्या कल्पनेवरून गदारोळ उठला, आणि अखेर सुमारे ३ कोटी ६५ लाख पौंडांचा बहुतेक खर्च १९९३ पासून बकिंगहॅम पॅलेस लोकांना तिकीट लावून खुला करून भागवला गेला. जयविलासातले संग्रहालय तर १९६४ पासूनच खुले आहे. कोट्याचा निकाल अन्यायाचा वाटत असेल, तर ते कलम बदलण्याची मागणी खासदाराकडे करा. कायद्याने दिलेल्या सवलतीला मागाहून हिशेबाची अट जोडणे मला पटत नाही.