अनुभव धागा : कैरो, पिरॅमिड उरकल्यानंतरचं

बहुतेक सहलींमध्ये कैरो म्हणजे गिझा, एक संग्रहालय आणि खान अल-खलीलीत तासभर खरेदी. मधलं हजार वर्षांचं शहर राहूनच जातं. ज्यांनी ते पायी पाहिलंय त्यांनी कुठून शिरायचं, काय आधी, काय फसतं ते लिहा. ‘अप्रतिम आहे, नक्की बघा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

* * *

जुन्या शहराचा मुख्य रस्ता म्हणजे मुइझ रस्ता, तो उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर बाब अल-शारियाला उतरून पूर्वेला चालत गेलं की बाब अल-फुतुह ही वेस लागते. ती १०८७ची, बुरूज गोल; शेजारच्या बाब अल-नस्रचे चौकोनी. आत शिरताच डाव्या हाताला अल-हाकिम मशीद. मुंबईच्या बोहरी मंडळींना ही जागा सांगावी लागत नाही. फातिमी खलिफांच्या या मशिदीचा १९८०चा जीर्णोद्धार दाऊदी बोहरा समाजानेच केला. पांढरा संगमरवर इतका चकचकीत आहे की जुनेपणा शोधायचा तर मिनारांकडे बघावं लागतं.

पुढे डावीकडेच छोटी अल-अकमर मशीद, ११२५ची. इथे लोक फोटो काढून पुढे सरकतात, आणि खरी गंमत तिथेच हुकते. दर्शनी भिंत रस्त्याला समांतर आहे, पण आतलं अंगण मक्केच्या दिशेला वळलेलं. हा तिरपेपणा भिंतीच्या जाडीत जिरवलाय. दारातून आत पाऊल टाकताना दोन्ही बाजूंची जाडी ताडून पाहा.

सुलतान कलाऊनचं संकुल (१२८४-८५) उजवीकडे. कबर, मदरसा आणि इस्पितळ एकत्र बांधलेलं. सगळ्या रस्त्यात वेळ द्यायचा तर कबरीच्या दालनात. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं लागतात, मग छताचं सोनेरी काम आणि रंगीत काचा दिसू लागतात. रस्त्यावरच्या बऱ्याच इमारतींना मिळून एकच तिकीट असतं, ते जपून ठेवा.

* * *

वरच्यात भर. रहदारीचा अल-अझहर रस्ता मुइझला मधोमध कापतो आणि बहुतेक पर्यटक तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका. पलीकडे सुलतान घुरीचं संकुल, मग कपड्यांचा गावठी बाजार, आणि शेवटी १०९२ची बाब झुवेला. वेशीवरचे दोन मिनार शेजारच्या मुअय्यद मशिदीचे, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षांनी चढवलेले. वर जाता येतं. जिना गोल, अंधारा आणि अरुंद. समोरून कुणी उतरत असेल तर खालीच थांबा. पाठीवरची पिशवी पुढे घ्या.

वेशीबाहेर खयामिया, तंबूवाल्यांचा छताखालचा बाजार. इथलं कापडावर कापड शिवलेलं काम घ्यायचं तर आधी उलटं करून बघा. हाताचे टाके मागे थोडे वाकडेतिकडे दिसतात. मागची बाजू कोरी असेल तर तो नुसता छापा.

* * *

मशिदींसाठी शुक्रवार दुपार टाळा, नमाजाच्या वेळी आत सोडत नाहीत. जोडे हातात धरताना त्यांचे तळ एकमेकांना लावून धरावेत, कापडी पिशवी असली तर उत्तम. जोडे सांभाळणाऱ्याला बक्षीस द्यावं लागतं (शब्दही तोच, बक्शीश), म्हणून सुटे पैसे वेगळ्या खिशात. सरकारी तिकीट खिडक्यांवर मात्र अनेक ठिकाणी रोख चालत नाही, कार्ड लागतं.

* * *

देवनागरी वाचणाऱ्यांनी अरबी आकड्यांपासून फार सावध राहावं. त्यांचा पाच थेट आपल्या शून्यासारखा दिसतो आणि नऊ आपल्या एकासारखा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाटीवर आपल्याला ‘१०’ वाटतं, प्रत्यक्षात ते पंचाण्णव असतं! सात म्हणजे वर उघडा कोन, आठ म्हणजे तोच कोन उलटा. आकडे मात्र डावीकडूनच वाचायचे. नोटांचं सोपं आहे : मागच्या बाजूला इंग्रजी आकडे असतात. पण पन्नास पियास्तरचीही (शंभर पियास्तरचा एक पौंड) नोट आहे, तेव्हा सुटे परत घेताना ‘५०’च्या पुढचा शब्द वाचा, ते पौंडच आहेत ना.

* * *

संग्रहालयांची अदलाबदल झालीय, जुन्या माहितीवर जाऊ नका. तुतनखामेनचा मुखवटा आता गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयात. राजांच्या ममी २०२१मध्ये फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात गेल्या : १८ राजे, ४ राण्या, त्या दालनात फोटो बंद. मग तहरीर चौकातली १९०२ची गुलाबी इमारत कशाला? तानिस या प्राचीन राजधानीत सापडलेल्या खजिन्यासाठी. प्सुसेन्नेस या फॅरोची चांदीची शवपेटी आणि सोन्याचा मुखवटा तिथे तुलनेने निवांत बघता येतो.

* * *

किल्ला सगळेच करतात, त्याबद्दल एवढंच : मुहम्मद अली मशिदीच्या अंगणातलं घड्याळ फ्रान्सने दिलेलं, बदल्यात गेलेला लक्सरचा स्तंभ पॅरिसमध्ये उभा आहे. व्यवहार कुणाला महाग पडला ते सांगायला नको.

त्यापेक्षा जास्त वेळ इब्न तुलूनला द्या (८७९). बाहेरून वळसे घेत जाणारा जिना असलेला मिनार, पक्क्या विटांवर गिलावा, आणि दुपारीही शांतता.

नाईलमधल्या रोडा बेटाच्या दक्षिण टोकाला नायलोमीटर, म्हणजे नदीच्या पुराची उंची मोजायची जागा, ८६१चा. विहिरीत मधोमध ‘हात’ या लांबीच्या मापाच्या खुणा असलेला खांब. पुराचं पाणी सोळा हातांपर्यंत चढलं की पीक चांगलं, आणि सारा त्या हिशेबाने. पायऱ्यांचा उतार खडा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर वरूनच बघा.

* * *

शाकाहारी असाल तर कोशरी : भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा रस्सा. लसूण-व्हिनेगरचा ‘दक्का’ सढळ हाताने, ‘शत्ता’ ही तिखट चटणी मात्र थेंबाने. तामिया ‘फूल’ नावाच्या वालासारख्या डाळीचा, वडा म्हणून आपल्या जिभेला लगेच पटतो. मुलुखिया पालेभाजी दिसते, पण बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या पाण्यात शिजवतात. नुसतं ‘मिन घेर लहमा’ म्हणजे मांसाशिवाय, असं सांगून भागत नाही, कोंबडी बऱ्याच जणांच्या लेखी मांसात येतच नाही. ‘मिन घेर फिराख’ हेही जोडा.